सुमनताईंची कमान

मी एकतीस वर्षं एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून आकार देण्याच्या कामात काढली. चांगलं काम आणि चालून जाणारं काम यांतला फरक मला कळतो. चांगलं काम फार कमी वेळा पाहिलं. सुमनताईंचं पाहिलं.

सुमनताई मूळच्या औशाजवळच्या. लग्न होऊन इकडे आल्या. नवरा तळवड्यात लोखंडी कॉट आणि खुर्च्या बनवणाऱ्या युनिटमध्ये होता. ताई तिथेच खुर्च्यांच्या पायांना रबरी बुटं बसवायच्या. एकदा पाईप वाकवणारा माणूस गावच्या जत्रेला गेला तो आठवडाभर आलाच नाही. ताईंनी कोणाला न विचारता बेंडरचा दांडा धरला आणि संध्याकाळपर्यंत ऐंशी पाय वाकवून ठेवले. एकही चेपला नव्हता. पुढची सव्वीस वर्षं त्या त्याच जागी उभ्या राहिल्या. युनिट बंद पडलं तेव्हा बेंडर भंगारात निघाला होता, तो त्यांनी मागून घेतला. आता घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो कोब्यात बोल्ट मारून बसवला आहे.

बाळूला मीच त्यांच्याकडे नेलं. बाळू चाकणजवळच्या गावचा, माझ्या हाताखाली शिकलेला, अजून कंपनीत आहे. त्याने जुन्या जीपचा सांगाडा आणि भलतंच इंजिन जोडून एक उघडी गाडी केली होती, शेतापुरती, कांदा आणि चारा वाहायला. गेल्या वर्षी बांधाच्या उतारावर ती उलटली. शेजारी बसलेली त्याची बायको अनिता बाहेर फेकली गेली. खांद्याचं हाड मोडलं. गाडी तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर पडली. तेव्हापासून अनिता शेतात पायी जाते, दोन किलोमीटर, त्याच खांद्यावर ओझं घेऊन. "डोक्यावर लोखंड आल्याबिगर मी त्यात बसायची न्हाई," असं तिने एकदाच सांगितलं.

म्हणून सीटवरून पाईपची कमान घालायची ठरली, गाडी उलटली तरी वजन तिच्यावर यावं अशी. बाळूने आणलेला पहिला पाईप ताईंनी दाराशीच थांबवला.

"हा कशाचा?"

"बोअरचा उरलाय. जाड हाय की."

"पाणी न्यायचंय का माणूस? आतून बोट फिरव. जोडाची शिवण लागती ना? वजन आलं की तिथंच फाटंल. बिनशिवणीचा आण."

बिनशिवणीचा पाईप कोणी एक नग देत नव्हतं. महिनाभर फिरून बाळूला सहा मीटरचा एक मिळाला. एक कमान आणि मागचे दोन तिरके टेकू एवढंच त्यात बसत होतं. चुकलं तर दुसरी कमान निघणार नव्हती.

गाडीचं माप मी घेतलं आणि कागदावर लिहून ताईंना दिलं. त्यांनी कागद पाहिला, पाईपला हातही न लावता सहा एमएमची सळई घेतली आणि तिचीच कमान वाकवायला लागल्या.

"ताई, माप दिलंय ना. हे खेळणं कशाला?"

"काय घाई करायलाव भाऊ? पाईप एकदाच वाकतो. सळईला दहादा वाकवा, ती रुसत नाही."

ती सळईची कमान डोक्यावर धरून ताई बाळूच्या मोटारसायकलवर मागे बसल्या आणि तळवड्याहून त्याच्या गावापर्यंत गेल्या. कंपनीच्या बसमधली माणसं वाकून बघत होती. मी माझ्या गाडीवर मागून, जरा अंतर राखून.

सळई गाडीवर धरली तर तिचे दोन्ही पाय सांगाड्याच्या बाहेर, तीन-तीन बोटं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. सळईकडेच बघत विचारलं, "भाऊ, टेप शंभर सोडून धरली होती का?"

टेपच्या टोकाचा हूक ढिला होतो. म्हणून आम्ही जुनी माणसं टोक सोडून शंभर मिलिमीटरच्या रेघेपासून माप धरतो आणि आलेल्या आकड्यातून शंभर वजा करतो. मी वाचलेला आकडा तसाच लिहिला होता. याच चुकीसाठी मी एकाला मशीनवरून उठवलं होतं. तो बाळूच.

"वजा राहिले," मी म्हणालो.

"व्हय काका?" बाळू म्हणाला. "मला तर तीन दिवस झाडू मारायला लावला व्हता."

"राहतात," ताई म्हणाल्या. "म्हणून तर सळई."

मग त्यांनी अनिताला आत बसायला सांगितलं.

"मापापुरतीच बसते," अनिता म्हणाली आणि एक पाय बाहेरच ठेवून बसली. ताईंनी तो पाय आत घ्यायला लावला, तिच्या डोक्यावर एक मूठ ठेवली, तिच्यावर दुसरी, आणि तेवढ्या उंचीवर सळईला खूण करून ती तिथेच नव्या मापाने वाकवून घेतली. "आणि बाळू, सीटला पट्टे बसव. कमान जागेवर आणि माणूस बाहेर, असं झालं तर माझी मेहनत फुकट."

रविवारी सकाळी पाईप बेंडरमध्ये चढला. दांडा बाळूकडे, कारण ओढायची ताकद ताईंमध्ये आता राहिलेली नाही. त्यांनी एक तळवा पाईपवर टेकवला.

"ओढ. एका दमात. मधे थांबलास तर तिथं खूण पडंल."

बाळूच्या मानेच्या शिरा फुगल्या. कोनाची पट्टी समोर होती, ताई तिकडे बघत नव्हत्या. पाईप काटकोनाच्या पुढे गेला. मी बोलणारच होतो.

"बस."

बाळूने दांडा सोडला. पाईप जरासा मागे आला आणि थांबला. मी गुण्या लावला. काटकोन. परत लावला. काटकोनच.

"कसं कळलं?"

"तो हाताला ढकलतो. किती मागं येणार ते तोच सांगतो."

दुसरा वाक अवघड. पहिल्याच्या पातळीत आला नाही तर कमानीला पीळ बसतो. ताईंनी ओळंबा सोडला, एक डोळा मिटला, पाईप केसभर फिरवला. परत पाहिलं, परत फिरवला. वीस मिनिटं.

"ताई, ओढू का? हात भरून आले."

"भरू दे."

कमान शेजारच्या नागसेन वेल्डरच्या सपाट टेबलावर ठेवली. मी वर्तमानपत्राचा कागद खालून सरकवून पाहिला. कुठेच गेला नाही. वाकाच्या आतून अंगठा फिरवला, एक सुरकुती नाही. व्हर्नियर लावून वाकातली जाडी मोजली. चाळीस एमएमचा पाईप वाकात दीड एमएम चेपला होता. हाताने ओढलेल्या पाईपला एवढं कमी मी कधी पाहिलं नव्हतं. मी व्हर्नियर ताईंपुढे धरला.

"दीड आलं," ताई म्हणाल्या. "एक यायला पाहिजे होतं."

नागसेनने कमान आणि टेकू जोडून दिले. तरी अनिता बसेना. "माझ्या डोळ्याम्होरं उलटी करा," ती म्हणाली.

बाळूने डिझेल काढलं, बॅटरी काढली. नांगरलेल्या वावरात ट्रॅक्टरला दोर लावून गाडी आडवी ओढली. ती कलली, क्षणभर दोन चाकांवर थांबली आणि पालथी झाली. सगळं वजन कमानीवर आलं. चाकं वर फिरत राहिली. सीट आणि माती यांच्यामध्ये माणूस बसेल एवढी जागा तशीच होती. अनिता जवळ जाऊन खाली वाकली आणि त्या जागेकडे बघत राहिली.

गाडी सरळ केल्यावर ताईंनी ती सळई आणून कमानीला लावली. वरपासून खालपर्यंत दोन्ही बरोबर चिकटून. त्यांनी कमानीवरची माती पदराने पुसली आणि वाक पुन्हा तपासला, कारण त्यांचा स्वतःवरही विश्वास नसतो.

अनिता चढली, पट्टा लावला, ओढून पाहिला. दोन्ही पाय आत होते.

"चारा टाका मागं," ती बाळूला म्हणाली. "आन बांधावरनं हळू घ्या. लोखंड आलं म्हणून पळवू नका."