जरा खांदे दाबून दाखव

मॅडमनी खुर्ची फिरवली. माझ्याकडे पाठ केली, केस पुढे घेतले आणि म्हणाल्या, "ये. जरा खांदे दाबून दाखव."

ऐरोलीतल्या एका आयटी पार्कचा सातवा मजला. एसी असा की अंगावर काटा. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या खोखो टीममधल्या आम्ही बारा मुली ट्रॅकसूट घालून भिंतीशी रांगेत. समोर मोठ्या हुद्द्यांवरच्या पाच बायका, मॅडम त्यांतल्याच एक. मी सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला.

मी गेले. दाबले.

एवढी दोन वाक्यं लिहायला मला अकरा वर्षं लागली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मॅडमनी हसतच सांगितलं होतं. कुणी डोळे वटारून सांगितलं असतं तर मी कदाचित अडले असते. हसून सांगितलेल्या कामाला नाही कसं म्हणायचं, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

कार्यक्रमाचा हेतू चांगला होता, हे आजही म्हणेन. नोकरीत वर चढलेल्या बायकांनी खेळाडू मुलींना करिअरचा रस्ता दाखवायचा. खेळ संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकीच्या घरात होताच. राज्य स्पर्धेपर्यंत गेलेल्या मुलीलाही विसाव्या वर्षी पोळपाट-लाटणंच हातात घ्यावं लागतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. म्हणून आदल्या दिवशी मी माझा ट्रॅकसूट दोनदा धुतला. गेटवर वॉचमन म्हणाला, "हाउसकीपिंगचं गेट मागं हाय." आमच्या खोखोच्या सरांनी पत्र दाखवलं तेव्हा त्यानं आत सोडलं. आम्ही हसलो. हसण्यावारी न्यायची सवय होती.

वर गेल्यावर फॉर्म दिले. नाव काय, तुला काय व्हायचंय आणि का. मी लिहिलं, फिजिओथेरपिस्ट. 'का'च्या पुढे लिहिलं, 'माझे वडील एपीएमसी मार्केटला माथाडी आहेत. पोती वाहून त्यांची पाठ गेली आहे. रोज दुपारी मी ती दाबते. कुठे दाबल्यावर त्यांना बरं वाटतं ते मला कळतं, पण का बरं वाटतं ते कळत नाही. ते मला शिकायचं आहे.'

खूप विचार करून लिहिलं होतं. घरातली आतली गोष्ट होती ती. आणि तीच मी माझ्या हातानं त्यांच्या हातात दिली.

मॅडमनी फॉर्म मोठ्यानं वाचला. "किती गोड!" मग विचारलं, "आडनाव काय?" सांगितलं. "गाव?" सातारा जिल्ह्यातलं गाव सांगितलं. "हां, मग बरोबर," त्या म्हणाल्या. काय बरोबर, ते सांगितलं नाही. कळायचं ते कळलं. माझा उजवा हात मनगटाला धरून त्यांनी वर उचलला आणि बाकीच्या बायकांना दाखवला.

"बघा काय ताकद आहे! हे रक्तातच असतं यांच्या."

खोखोत मी खांबावर सूर मारायची. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालते, तेव्हा एका हातानं खांब पकडून दुसऱ्या हातानं तिला टिपायचं. त्यासाठी वर्षभर रोज सकाळी मैदानावर कोपरं सोलून घेतली होती. ते रक्त त्यांना दिसलं नाही.

"फिजिओ म्हणजे शेवटी काय गं? मालिशच ना? मग चार-पाच वर्षं डोकेफोड कशाला? आमच्या ओळखीत स्पाचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. रिअलिस्टिक राहायचं, बाळा." पेन काढून त्यांनी माझ्या शब्दावर रेघ मारली. वर लिहिलं, मसाज थेरपी. आणि मग खुर्ची फिरवली.

त्यांचा खांदा गार होता. अत्तराचा वास येत होता. मी सवयीनं अंगठे मानेपासून खाली फिरवत नेले, बाबांच्या पाठीवर नेते तसे. गाठ शोधत होते. बाबांच्या पाठीत सुपारीएवढ्या गाठी होत्या. इथे एकही सापडली नाही. त्या बाईला कुठेही दुखत नव्हतं.

"वा! जादू आहे पोरीच्या हातात," त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. आमच्या मुलींनीही वाजवल्या.

परतताना बसमध्ये हर्षाली माझ्या शेजारी होती. ती खाडीकाठच्या जुन्या गावातली. आई सुकी मासळी विकायची. टीममधली सगळ्यात चपळ पोरगी, दोन-दोन मिनिटं कुणाच्या हाती लागायची नाही. फॉर्मवर तिनं कोच लिहिलं होतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू कशाला गेलीस गं? तुझे जागी मी असती ना, तं गेलीच नसती."

त्या दुपारी बाबा मार्केटमधून आले, जेवले आणि चटईवर पालथे झाले. "पोरी, जरा पाठीवर हात फिरीव."

मी शेजारी बसले. हात उचलला. आणि तो खालीच येईना. समोर बाबांची काळी, घट्टे पडलेली पाठ होती आणि माझ्या नाकात त्या बाईचं अत्तर. बाबांनी मान वळवून बघितलं. "दमलीस व्हय? ऱ्हाऊ दे मग." ते तसेच झोपले. लहानपणापासून जे मी मायेनं करत आले, त्याची मला घाण वाटायला लागली होती. हा राग आजही तेवढाच आहे. शब्द खोडला ते एक वेळ सोडून देईन, पण बाबांच्या पाठीवरचा माझा हात त्या बाईनं बाटवला.

पुढच्या आठवड्यात बाबांना उठता येईना. पालिकेच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनीही विचारलं, "काम काय करतात?" आता इथेही 'मग बरोबर' येणार, असं वाटलं. पण त्यांचा पुढचा प्रश्न होता, "पोतं कोणत्या खांद्यावर घेतात?" बाबांना तपासून झाल्यावर मी धीर करून विचारलं, तुमच्यासारखं व्हायला काय करावं लागतं? त्यांनी एका कोऱ्या केसपेपरच्या मागे लिहून दिलं. विषय कोणते, परीक्षा कोणती, फॉर्म केव्हा निघतात. पाच मिनिटं लागली. बाहेर पन्नास पेशंट बसले होते, तरी पाच मिनिटं दिली. मार्गदर्शन म्हणजे एवढंच असतं, हे मला तिथं कळलं.

महिन्याभरानं आयटी पार्कात दुसरी बैठक झाली. या वेळी पाहुणे जास्त. कोपऱ्यात नव्या बुटांचे बारा खोके रचलेले. आत जायच्या आधी सर हळूच म्हणाले, "पोरींनो, शहाण्यासारखं वागा. बूट मिळायचेत." आमची निम्मी टीम फाटक्या बुटांनी खेळत होती. सरांचा राग करावा असं त्यात काही नव्हतं.

आम्ही खाली सतरंजीवर ओळीनं बसलो. हर्षाली माझ्या डावीकडे. मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या, "आमच्याकडे एक जादूगार आहे. ये गं." आणि खुर्ची फिरवली. केस पुढे घेतले.

मी उठले नाही.

"अगं, ये ना."

"नाही."

"काय?"

"मी खांदे नाही दाबणार. मला फिजिओथेरपीच्या प्रवेशाचं विचारायचं होतं. ते तुम्ही खोडलंत."

माझाच आवाज मला परका वाटला. कुणी हललं नाही. मॅडमनी मागं वळूनही पाहिलं नाही. तशाच बसल्या, खांदा तयार ठेवून. त्यांना पक्की खात्री होती, कुणी ना कुणी उठेल. सर एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा खोक्यांकडे. मनात आत कुठंतरी लख्ख झालं होतं. मी समोर बघत राहिले. फक्त समोर.

आणि डावीकडून हर्षाली उठली.

"मी दाबते, मॅडम."

सगळे हसले. सुटल्यासारखे. फोटो काढणाऱ्यानं फोटो काढले. हर्षालीच्या मनगटावर काळा दोरा होता, आईनं बांधलेला. त्या गोऱ्या खांद्यावर तो काळा दोरा पुढे-मागे होत होता. बारा जणींना बूट मिळाले. मीही घेतले. खोटं कशाला बोलू, त्या बुटांनी पुढचं वर्षभर खेळले.

खोखोत बसलेला खेळाडू आपणहून उठू शकत नाही. मागून कुणीतरी पाठीवर थाप देऊन खो म्हणावं लागतं, आणि खो मिळाला की थांबायची सोय नसते. त्या दिवशी तोंडानं काही न बोलता हर्षालीला खो मीच दिला. पण हे कळायला फार वर्षं गेली.

मी बारावी केली, पहिल्या वेळी प्रवेश परीक्षेत आपटले, दुसऱ्या वेळी नंबर लागला. फिजिओथेरपिस्ट झाले. कॉलेजात, हॉस्टेलवर मी ही गोष्ट किती जणींना सांगितली असेल. मॅडम, खुर्ची, माझं 'नाही'. ऐकून पोरी टाळ्या वाजवायच्या. माझी गोष्ट 'नाही'वर संपायची. डावीकडून कोण उठलं ते मी कधी सांगितलं नाही. हर्षालीनं तो सहा महिन्यांचा कोर्स केला, वाशीच्या एका स्पामध्ये लागली, एवढं कानावर होतं. फोन करीन करीन म्हणत केला नाही.

मागच्या वर्षी ती माझ्या ओपीडीत आली. केसपेपर वाचत मी म्हणाले, "बसा, हात दाखवा." दोन हात टेबलावर आले. अंगठ्यांची मुळं सुजून टरारलेली. मनगटावर काळा दोरा. मी वर बघितलं.

"वळखलंस काय?" ती म्हणाली.

दिवसाला सात-आठ बायकांचे खांदे. सहा-सात वर्षं. अंगठ्याच्या सांध्याची पार वाट लागली होती. तिला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नव्हतं. मी तिचा अंगठा हातात घेतला आणि माझी बोटं गार पडली. खरं सांगते, कुठल्याही पेशंटच्या खांद्याला हात लावला की पहिल्या क्षणी मला तोच खांदा लागतो. गार, सुगंधी, एकही गाठ नसलेला. तो झटकून मग मी कामाला लागते. त्या दिवशी तो झटकला जाईना. ते दुखणं माझ्या वाट्याचं होतं आणि हर्षालीच्या हातात येऊन बसलं होतं.

मी म्हणाले, "हर्षाली, त्या दिवशी मी..."

"तू नाय बोललीस ते बरा केलंस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. "पन एकदा माज्याकडं बघाचा होता ना. माजा हात धरून बसली असतीस, तं मी उठली नसती."

मी तिच्या अंगठ्याला पट्टी बांधली. ती निघून गेली. ते वाक्य गेलं नाही. जेवताना, बसथांब्यावर, पेशंटशी बोलताना ते मध्येच येऊन उभं राहतं. ज्या 'नाही'चा मी दहा वर्षं तोरा मिरवला, ते माझ्या एकटीपुरतं होतं.

या महिन्यात फोनवर एक पोस्टर आलं. तोच कार्यक्रम, तोच मजला. यंदा माझं नाव मार्गदर्शक म्हणून छापलंय, नावापुढे डॉक्टर लावून. मधोमध जुना फोटो. हसणाऱ्या मॅडम आणि त्यांच्या खांद्यांवर दोन हात. हातांचा चेहरा कापलेला. मनगटावर काळा दोरा. खाली लिहिलंय, 'स्वप्नांना हवे भक्कम हात.'

आयोजकांपैकी एका मुलीचा फोन आला. गोड आवाज. "मॅडम, तुम्ही आमची सक्सेस स्टोरी आहात! एक छोटासा डेमो पण द्याल का? खांद्यांचा वगैरे?"

मी म्हणाले, "येते."

मग हर्षालीला ते पोस्टर पाठवलं आणि फोन लावला. "शनिवारी येशील? त्याच हॉलमध्ये."

"कशाला? दाबाला?"

"बसायला. माझ्या शेजारी. आणि मुलींशी बोलायला, अंगठे कशानं गेले ते. फॉर्मवर तू काय लिहिलं होतंस ते."

ती म्हणाली, "माजा फोटो पयला काड तिथून."

"काढते."

शनिवारी आम्ही दोघी जाणार. पुढच्या गेटनं. हर्षालीनं मला माफ केलंय असं नाही, आणि मी तशी माफी मागणारही नाही. ती मागून अंगठे बरे होत नाहीत. ते पोस्टर हॉलच्या भिंतीवरही असेलच, आधी ते उतरेल. तोवर मी खुर्चीवर बसणार नाही आणि कार्यक्रम सुरू होऊ देणार नाही. मग मुलींचे फॉर्म येतील. एकाही शब्दावर कुणाचं पेन फिरणार नाही, माझंही नाही. केसपेपरच्या मागे लिहून दिलं होतं तसं प्रत्येकीला लिहून देईन, विषय, परीक्षा, तारीख. आणि कुणी खुर्ची फिरवून पाठ पुढे केलीच, तर या वेळी मी समोर बघत बसणार नाही. डावीकडे बघेन. उजवीकडे बघेन. दोन्ही बाजूंचे हात घट्ट धरेन आणि मग नाही म्हणेन.

त्या ओळीतून एकही पोरगी उठणार नाही.