नवं आहे म्हणूनच

वैनी झोपेतच गेल्या, हे मला फोनवर कळलं तेव्हा मी माहेरी जायला पावसच्या एसटी स्टँडवर उभी होते. विश्वास कसा बसायचा... आदल्या संध्याकाळी तर ही बाई माझ्याशी तेलावरून भांडली होती.

सुनंदावैनी माझ्या थोरल्या जाऊबाई. दीर गेल्यावर आमची हापूसची कलमं त्यांनीच सांभाळली. माझे यजमान मुंबईत नोकरीला, मी इथे वैनींच्या हाताखाली. हाताखाली म्हणजे बोलणी खायला. यंदा फवारणीचा जुना पंप बसला, म्हणून त्यांनी नवा, इंजिनाचा पंप आणला. जेमतेम चार-पाच तास चालला असेल, तर त्या संध्याकाळी म्हणाल्या, "आता याचं तेल बदलायचं."

मी म्हटलं, "अहो, नवं इंजिन आहे ना?"

"अगो, नवं हाय म्हणूनच. आतलं लोखंड अजून एकमेकांवर घासतंय, त्याचा कीस तेलात उतरतो. पयलं तेल लवकर काढायचं. मग दर पन्नासेक तासांनी, नायतर हंगाम संपला की. धुरळा असला तर त्याच्याही आधी. पुस्तिकेत लिवलाय, वाच की."

एवढं कौतुक माझं कधी झालं नाही, असं मी पुटपुटले. नेमकं ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, "तू नवी होतीस तेव्हा तुला नव्हता दिला रुळायला वेळ?" खरंच दिला होता. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी वैनी मला एका शब्दानेही टोचून बोलल्या नव्हत्या. बोलणी दुसऱ्या वर्षापासून सुरू झाली.

बारावं झाल्यावर यजमान म्हणाले, "कलमं कराराने देऊन टाकू. तुला एकटीला झेपायचं नाही." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी आतून पेटले होते. एकदा करारवाला बागेत शिरला की आपण आपल्याच कलमांखाली पाहुणे.

तोवर मोहोरावर तुडतुडे दिसू लागले. ते काही आपल्या दुखवट्यासाठी थांबत नाहीत. मी पंप बाहेर काढला, तेल गरम व्हावं म्हणून थोडा चालवला, बंद केला आणि खाली जुनं पातेलं ठेवून तेल काढायचा बोल्ट सोडवला. तेल दिसायला स्वच्छच होतं. उन्हात पातेलं कलतं केलं तर त्यात बारीक रुपेरी चमक... मी तिथेच पाचोळ्यात बसून रडले. वैनींची फार आठवण आली, आणि रागही आला, की एवढं शिकवायचं आणि मग असं निघून जायचं.

डोळे पुसले, बोल्ट पुन्हा घट्ट बसवला, नवं तेल खुणेपर्यंत भरलं, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. दुपारपर्यंत खालची सगळी कलमं फवारून झाली.

तेवढ्यात यजमानांचा फोन. करारवाला उद्या येतोय म्हणाले.

"येऊ देत. चहा देईन, बाग देणार नाही."

इंजिनाच्या घरघरीत त्यांना नीट ऐकू गेलं नाही. मी इंजिन बंद केलं नाही. तेच पुन्हा सांगितलं, वैनी सांगायच्या तसं, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं.