हर्णैच्या पुळणीवर भिजलेली अक्षत

ज्या मुलीला पंगतीत ‘मीठ वाढा’ म्हणावयाचेही धैर्य होत नाही, तिने परमुलखाचे वर्णन लिहून छापावयास पाठवावे, हे मासिकाच्या कर्त्यांस धार्ष्ट्य वाटेल. मलाही ते तसेच वाटते. म्हणून वर्णनाआधी क्षमा मागते. अमरावतीच्या मराठी शाळेत मुलींच्या वर्गात मी परीक्षेस पहिली आले, एवढेच माझे भांडवल. भूगोलातील ‘समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्याचा अफाट साठा’ हे वाक्य मी परीक्षकांसमोर न अडखळता म्हटले होते, एवढीच माझी समुद्राशी ओळख. परंतु वऱ्हाडच्या बायकांनीही समुद्र पाहून यावा असे दिवस आता आले आहेत. जाणारीस दोन गोष्टी आधी ठाऊक असाव्यात, म्हणून हे लिहिते.

आम्ही निघालो ते समुद्र पाहावयास नव्हे, माझ्या मामास लग्नाचे आवतण द्यावयास. माझे लग्न अकोल्याच्या एका शाळामास्तरांशी ठरले. बोहल्यावर नवरीच्या पाठीशी मामा उभा राहावा लागतो, आणि मायला भाऊ एकच, तुळशिराम. पूर्वी तो अमरावतीचा कापूस गाड्यांवर लादून घाट उतरून मुंबईस नेत असे. आगगाडीचे रूळ येऊ लागले तसे ते गाडीकाम सुटले. तो कोकणात उतरला आणि परतला नाही. मागाहून कळले, की हर्णै बंदरात त्याने एका विधवेशी पाट लावला, म्हणजे दुसरेपणाचे घर मांडले. पाट आमच्या लोकांत चालतो. परंतु पाटाच्या बाईने लग्नघरी हळदीला पुढे होऊ नये, असा कडक प्रघात आहे. शिवाय मामाने बहिणीस विचारले नव्हते. मायच्या मनात हे दुसरे अधिक सलत होते.

यंदा दूरदेशीच्या लढाईमुळे कापसाला असा भाव आला आहे, की वडिलांनी स्वतःच मुंबईस जाण्याचे ठरविले. माय म्हणाली, “मंग मी बी येईन. तिथून हर्णैले जाऊ.” गाठोड्यात तिने मामासाठी तांबडे पागोटे आणि पितळी डबीत कुंकवाची अक्षत बांधली. मामाच्या बायकोसाठी लुगडे घेतले नाही. मी ते पाहिले.

अमरावतीहून अकोल्यावरून शेगावापर्यंत दमणी, म्हणजे पडद्याची बैलगाडी. रस्ता कापसाच्या गाड्यांनी इतका दाटलेला, की आमचे बैल बहुधा पुढच्या गाडीच्या बोंद्रीत, कापसाच्या मोठ्या पोत्यात, तोंड घालूनच चालले. बाभळींच्या काट्यांना दुतर्फा कापूस अडकलेला. जणू झाडेच पिकली होती. मूर्तिजापुरास झुणका-भाकर चांगली मिळाली, पाणी मात्र मचूळ. आपला तांब्या घरूनच भरून न्यावा. अकोल्यात मोर्णेच्या काठी उतरलो. माझे सासर याच गावी होणार, म्हणून मी दमणीचा पडदा वर केला नाही. घाटावर कपडे आपटल्याचे आवाज तेवढे ऐकले. अकोल्यास रूळ अजून यावयाचे आहेत, म्हणून आगगाडी शेगावास धरली. तिसऱ्या वर्गात बसण्यास फळ्या असतात, पण गर्दीत त्या दिसत नाहीत. भाडे दमणीच्या मानाने हलके, आणि थळघाटातील बोगदे नुकतेच खुले झाल्यामुळे मध्ये उतरावे लागत नाही. पहिल्या बोगद्यात अंधार होताच मायने माझा समजून हात धरला. उजेड पडल्यावर कळले, की तो शेजारच्या म्हातारीचा होता. दोघीही हसल्या, आणि इगतपुरीस घेतलेले पेरू म्हातारीने आम्हांस दिले.

मुंबईचे वर्णन पुष्कळांनी केले असेल. मी फक्त कुलाब्याच्या मैदानातील कापसाचे डोंगर पाहिले. वडील त्यांच्याकडे, आपलेच बैल परगावच्या बाजारात दिसावेत, तसे पाहत राहिले. दुसऱ्या सायंकाळी आम्ही आगबोटीवर चढलो. ती दाभोळापर्यंत जाऊन दिवस मावळताना पुन्हा हर्णैस येते. तेव्हा पहाटे उतरणाऱ्यास एक पुरा दिवस मिळतो. बोटीवर पोटभर जेवू नये. लिंबू जवळ ठेवावे. वडिलांनी हे पाळले नाही, आणि रात्रभर कठडा सोडला नाही.

पहाटे हर्णै दिसले. पाण्यात उभा असलेला काळ्या दगडाचा सुवर्णदुर्ग, समोर किनाऱ्यावर माडांची दाट ओळ, आणि वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या मासळीचा असा वास, की माय पदर नाकाला लावून म्हणाली, “बंदर नाकालेच आधी भेटलं वं.” इथे धक्का नाही. आगबोट दूर उभी राहते, होडीने किनाऱ्याजवळ नेतात, आणि शेवटचे कमरेइतके पाणी माणसांच्या खांद्यावरून पार करावयाचे असते. पुरुष खांद्यावर बसतात. बायकांसाठी दोघे खारवी हात गुंफून पाळणा करतात.

“परक्याच्या हातावर बसू?” माय होडी सोडीना. “मी चालत येईन.”

“ये नं,” वडील खांद्यावरूनच म्हणाले. रात्रीच्या त्रासाने त्यांचा चेहरा पिवळा होता, तरी थट्टा सुटली नव्हती. “लुगडं भिजलं तं भावाच्या दारात निथळत उभी राय.”

“बस गो बाय,” पाळणा करणाऱ्यांतला एक म्हणाला, “आमी भाताची पोती उतरवतो, कंदी एक पाडलं नाय.”

“मी पोतं दिसून राहिली का तुमाले?” असे म्हणत माय बसली. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले; म्हणून समुद्राचा पहिला स्पर्श झाला तो पायांच्या बोटांना. वाळूवर उतरल्यावर, कोणी पाहत नाही असे बघून, मी ते पाणी जिभेला लावले. पुस्तक खरे होते. पण ‘खारे’ हा शब्द वाचताना तोंड असे वाकडे होत नाही.

मामाचे घर बाजाराच्या मागे होते, पण तो बैलगाडी घेऊन आंजर्ल्याकडे गेलेला. दुपारपर्यंत येईल, असे शेजाऱ्यांनी सांगितले. दारात त्याची बायको पार्वती उभी होती: उंच, सावळी, हाताला पिठाचे डाग. तिने पाणी पुढे केले. माय म्हणाली, “आमी नदीवर जेवू. दादला आला की तिकडं धाडा.” समुद्राला माय दिवसभर नदीच म्हणत होती. पार्वतीबाईने तांब्या खाली ठेवला आणि मान हलविली. परतताना मी एकदा मागे पाहिले. ती दारातच होती.

आता ती चूक सांगते, जी फक्त आम्हा नदीकाठच्यांच्या हातून होऊ शकते. आमच्या पेढी नदीचे पाणी उतरले, की ते पुढच्या पावसापर्यंत उतरलेलेच राहते. आम्ही ओलसर, घट्ट वाळूत तीन दगड मांडून कणकेचे पानगे भाजतो. इथेही सकाळपासून पाणी मागे मागे जात होते. मायने त्या गुळगुळीत ओल्या पुळणीवर जागा निवडली, चूल मांडली, आणि गाठोडे पाण्याच्या बाजूस, सावलीसाठी एका टेकलेल्या होडीला लागून ठेवले.

जाळे विणणारा एक म्हातारा ओरडला, “बाय, ती जागा तुमची नाय!”

“मंग कोनाची हाय?” माय म्हणाली. “पाटलाची?”

“पान्याची.”

मायला वाटले, थट्टा करतो आहे. माझ्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा होता. चंद्राच्या आकर्षणाचे कारणही मला पाठ होते. पण हेच पाणी ते पाणी, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही.

पानगे होत आले आणि मामा आला. केस पांढरे व्हावयास लागलेले, पण चालणे तेच, बैलामागून चालल्यासारखे. मायने त्याला जवळ घेतले नाही. “तुळश्या, तुले बहीण हाय का नाही?”

“आहे नं, बाई. म्हणूनच तं तोंड दाखवलं नाही.”

“काहून?”

“तू इचारशील, कोनाले इचारून पाट लावला. मी काय सांगू?”

वडिलांनी त्याच्या हातात पानगा दिला, आणि दोघे पुरुष बैलांविषयी बोलू लागले. कठीण गोष्टीपूर्वी आमच्याकडे बैलांविषयीच बोलतात. मग मायने मला पुढे ओढले. “हिचं लगीन हाय. तू पाठीशी उभा राय. पागोटं आणलं हाय, अक्षत आणली हाय.”

“आमाले दोघाले?”

माय चुलीतली गोवरी सारू लागली. “भावकी काय म्हनंन, तुले ठाऊक हाय.”

“मंग अक्षत डबीतच राहू दे, बाई,” मामा शांतपणे म्हणाला. “मी आजारी पडलो तवा तिनं मले उचलून घरात नेलं. तिले दारात ठिवून मी मांडवात येनार नाही.” त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, राग धरू नको.”

मला राग नव्हता. बोहल्यावर माझ्या पाठीशी कोणी नाही, असे चित्र डोळ्यांपुढे आले, आणि त्याच वेळी दारात खाली ठेवलेला तो तांब्याही. दोन्हींसाठी माझ्याकडे शब्द होते, पण ते सारे पुस्तकी.

इतक्यात माझ्या पायाला गार लागले. चूल फुस्स करून विझली. आम्ही उड्या मारून मागे झालो, आणि पाहतो तो टेकलेली होडी हलते आहे, आणि आमचे गाठोडे तिच्यापासून सुटून हळूहळू, आगबोट धरावयास निघाल्यासारखे, दूर चालले आहे. माय ओरडली, “अक्षत!” मामा धावण्याच्या आतच कोणी एक बाई आमच्या बाजूने गेली, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत पाण्यात. ती पार्वतीबाई होती. भाकरी आणि कालवणाची पाटी वाळूवर ठेवून ती आली होती. आम्ही कोठे बसलो आहोत, हे तिला दुरून दिसले असावे.

तिने गाठोडे डोक्यावर घेऊन आणले. पागोट्याचा रंग पाण्याबरोबर तिच्या खांद्यावर उतरला होता. गाठ सुटली होती, डबी उघडली होती, आणि पार्वतीबाई घट्ट मिटलेली मूठ मायपुढे करून म्हणाली, “पाच-सात दानं ऱ्हायलं, वन्सं. बाकी गेलं.” मूठ उघडली. ओले लाल तांदूळ तळव्याला चिकटले होते.

माय हात पुढे करीना. मामा मान खाली घालून उभा. म्हातारा जाळे ठेवून उठला होता. आमच्या गावी एक रीत आहे, लहान मुलासही ठाऊक असते: अक्षत ज्याच्या हाती पडली त्याला आवतण पोचले, मग कोणीही असो, ती परत घेत नाहीत.

“मामी,” मी म्हणाले. आवाज अपेक्षेहून मोठा निघाला; पुळणीवरची माणसे वळली. “मामी, अक्षत पोचली.”

मग मायने पार्वतीबाईची मूठ आपल्या हातांनी पुन्हा मिटविली. “पोचली ते पोचली,” ती म्हणाली. “आता झाडून टाकू नको वं. लग्नाले घेऊन ये.” आणि लगेच मामाकडे वळून, “आन् तू! इतकं पानी येते, सांगता नाही आलं?”

“मी बोलत होतो का तू बोलू देत होतीस?”

“अष्टमीची भरती, म्हून गावलं,” म्हातारा म्हणाला. “पुनवेची असती तर तुमची अक्षत दाभोळात पोचती.”

मामीच्या पाटीतली तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातले वाल आम्ही वरच्या कोरड्या वाळूत बसून जेवलो. नारळ आमच्याकडे देवापुढे एखादा येतो. इथे मुले शहाळी पायाने लोटत होती, ते पाहून माय कळवळली. सांजेस आगबोटीचा धूर दिसला, आणि या वेळी माय न सांगता हातांच्या पाळण्यात बसली. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: हर्णैस भिजलेल्या वाळूवर बसू नये; कोणी जागा कोणाची आहे हे सांगितले, तर ऐकावे.

परवा मामा-मामी शेगावाहून आमच्या दमणीने आली. चुलतीने मायला बाजूस घेऊन विचारलेच, “पाटाची बाई हळदीले?” माय म्हणाली, “तिले समुद्रानं आवतण देलं. मी कोन नाही म्हननारी?” चुलतीला पटले असेल असे नाही, पण उद्याची हळद मामीच दळते आहे.

समुद्रातून माझ्याकडे काय राहिले, ते मी शोधून पाहिले. भूगोलाच्या पुस्तकात थोडी वाळू आहे. परीक्षेतले ते एक वाक्य आता मला पुन्हा तसे म्हणता येणार नाही. आणि एक शब्द मी चारचौघांत मोठ्याने उच्चारला, तो अजून कानात आहे.

आज सकाळी आम्ही तिघी पेढीवर धुणे घेऊन गेलो. फाल्गुनातली नदी, मध्ये बारीक धार आणि दोन्हीकडे कोरडी वाळू. मायने आपले गाठोडे नेहमीच्या जागी, धारेशी ठेवले. मामी मात्र आपले गाठोडे घेऊन चढण चढली आणि वर निंबाच्या मुळाशी ठेवून आली.

“तितकं वर काहून?” मायने विचारले.

“पानी कवा फिरतं हितं?”

“मिरगात.”

“तवापातुर येतच नाय?”

“नाही वं. इथलं गेलेलं पानी लवकर येत नाही.” मायने एक लुगडे आपटले, पिळले, आणि मामीकडे पाहिले. “पन येते.”

मग तिने आपले गाठोडे उचलले, चढण चढली, आणि मामीच्या गाठोड्याशेजारी नेऊन ठेवले.

अमरावतीच्या टपालात दिले: फाल्गुन वद्य तृतीया, शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर, दुपारी तीन वाजता.