मशीनमधले ते आकडे माझे नव्हते

अल खोरला मुलाकडे राहायला आले तेव्हा त्याने मला ब्लडप्रेशरचं मशीन आणून दिलं. सकाळी चहाआधी मी पट्टा दंडाला गुंडाळते आणि बटण दाबते. प्रेशरचे आणि नाडीचे आकडे वेळेसकट मशीनमध्येच साठतात. दर तीन महिन्यांनी ते दवाखान्यात न्यायचं. तिथली डॉक्टरीण अरबी आणि इंग्रजी बोलते. मला दोन्ही येत नाही, म्हणून नात सोबत येते.

नात एकोणीस वर्षांची. दोह्याच्या कॉलेजात डॉक्टरकीच्या आधीचा कोर्स करते. त्यात मार्क कमी पडले की मेडिकलला घेत नाहीत. शेवटचे दोन पेपर राहिले होते. महिनाभर ती धड जेवत नव्हती. बसली की पाय हलवायची, उभी राहिली की नखं कुरतडायची. विचारलं की म्हणायची, "आय ॲम फाइन, आजी."

"फाइन असतीस तर पोळी खाल्ली असतीस."

त्या दिवशी डॉक्टरणीने बटण दाबत मागचे आकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. नातीशी काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"तुझा पल्स फार फास्ट आहे. गोळी वाढवते म्हणाली."

मी मशीन ओढून घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण आकडे वाचता येतात. एकशे अठ्ठावीस. एकशे चौतीस. मोठे आकडे सगळे संध्याकाळी पाचचे. पाचला मी शेजारणीबरोबर समुद्राकडे फिरायला गेलेली असते. घरी नात एकटी अभ्यासाला असते.

नातीने मान खाली घातली होती. डॉक्टरणीने लिहायला सुरुवात केली होती.

"हे तुझे आहेत."

"प्लीज आजी, नंतर बोलू."

"नंतर म्हणजे मी ती गोळी गिळल्यावर?"

"दोनच पेपर राहिलेत गं. बाबांना कळलं तर ब्रेक घ्यायला लावतील. वर्ष जाईल."

"जाऊ दे. डॉक्टर व्हायला निघालीस आणि आजीला चुकीचं औषध देऊ देतेस? तू तिला सांगतेस, की मी हातवारे करू?"

तिला लागावं म्हणूनच बोलले. तिने रडत रडत डॉक्टरणीला सगळं सांगितलं. डॉक्टरणीने मला खुर्चीवरून उठवलं, तिला बसवलं आणि पट्टा तिच्या दंडाला बांधला. एकशे एकतीस. नुसत्या बसल्या जागी.

मग त्या दोघी बराच वेळ इंग्रजीत बोलल्या. मी दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होते. मला समजावून सांगायला आता कोणी नव्हतं.

"काय ठरलं?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"आधी टेस्ट करायच्या. या आठवड्यात पेपर नाही द्यायचे. खलास."

मी मुलाला फोन लावला. "कंपनीतून नीघ. पोरगी आजारी आहे. गाडी मी तिला चालवू देणार नाही."

तो घाबरून काय काय विचारायला लागला. तेवढ्यात तिने माझ्या हातातला फोन घेतला. मला वाटलं, आता फोन बंद करते. पण तिने तो कानाला लावला.

"बाबा, ये तू," ती म्हणाली. "लगेच ये."