सातशे चाळीस एकरांचा जमीनदार

पुण्यात गणकयंत्रावर नोकरीला असताना एका साखर कारखान्याच्या ऊसनोंदणीची यादी मीच छापून काढली. रकान्यांना मथळे नव्हते. कडेगावच्या पहिल्याच शेतकऱ्याच्या नावापुढे ७४० होते. पुढची नावं मी वाचलीच नाहीत. मी कोरडवाहू माण तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. सातशे चाळीस एकर! कमाल जमीन कायदा झोपलाय काय? लगेच पत्रक छापलं आणि कडेगावच्या चौकात "मी मेंढपाळाचा पोर" अशी सुरुवात करून तावातावानं वाचलं.

गर्दीतून यादीतला तोच शेतकरी, एक म्हातारा, पुढं आला. "लेका, माझं रान दोन एकर. सातशे चाळीस ही उसाची जात हाय. तुज्या मेंढरास्नी इचारलं असतंस तरी सांगितलं असतं!"

चौक हसून लोळला. परतून प्रोग्रॅमची सुरुवात पाहिली. तिथं प्रत्येक रकान्याचं नाव, प्रकार, लांबी नोंदलेली होती: ऊसजात, तीन अंक. ती ओळख न छापणारा बेजबाबदार इसम मीच. तेव्हापासून माझा प्रोग्रॅम आधी रकान्यांची ओळख छापतो, मग आकडे.

माफीचं पत्रक घेऊन गेलो, तोवर माझ्या पहिल्या पत्रकावरून तलाठी म्हाताऱ्याचं रान मोजून गेला होता.

"माफी ऱ्हाऊ दे गड्या," म्हातारा म्हणाला. "उरलेलं सातशे अडतीस एकर कुठं हाय तेवढं सांग. नांगर जुंपतो."