धुळ्याचा कॉल मी जोडला

माझा नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन होता. खांबावरून पडून तो गेला आणि त्याच्या जागी खात्यानं मला ऑपरेटर म्हणून घेतलं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. असोद्याला माहेरी राहायचे, सकाळच्या पहिल्या एसटीनं कामावर जायचे. एक्सचेंज कुठलं ते सांगत नाही. तिथली काही माणसं अजून हयात आहेत.

धाकटा भाऊ धुळ्याला एका हायस्कुलात इतिहास शिकवायचा. त्याला साऱ्या जगाची काळजी. सुटीत घरी आला की पिशवीत कपडे कमी आणि वर्तमानपत्रं जास्त. चीनमध्ये रणगाड्यांखाली पोरं चिरडली, रुमानियात लोकांनी हुकूमशहाला भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, हे सगळं तो आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचा. आबा, म्हणजे आमचे वडील, दिवसभर केळीच्या बागेत राबून आलेले असायचे, पण वादाला एका पायावर तयार. बर्लिनची भिंत आमच्याच बांधावर असल्यासारखे दोघे भांडायचे.

एक्क्याण्णवच्या संक्रांतीला तो आला तेव्हा विषय निघाला फोनचा. सरकार लोकांचे फोन चोरून ऐकतं, असं तेव्हा पेपरात फार येत होतं.

आबा म्हणाले, "चोर नसशीन तर तुले काय भेव? ऐकू दे ना."

"तुमची पेटी कोणी रोज उघडून पाहिली तर चालेल, आबा?"

"पाहो बिचारा. दोन धोतरं सापडतीन."

आम्ही हसलो. मी म्हटलं, "अरे, आम्हा ऑपरेटरांच्या कानावर दिवसभर लोकांची बोलणी पडतात. शेवटी कंटाळा येतो."

तो हसला नाही. "कानावर पडणं वेगळं, अक्का. तुला कोणी मुद्दाम ऐकायला बसवलं तर?"

"मला कोण बसवतंय?" मी म्हटलं आणि तिळाचे लाडू आणायला आत गेले.

तीन दिवसांनी आखातात युद्ध पेटलं. भावानं रजा वाढवली, कारण टीव्ही आमच्या घरी होता आणि संध्याकाळी बातम्यांना आळीतली माणसं यायची. त्यात आमचे शेजारी नाना असायचे. चाळिशीचे, धिप्पाड, तरुणपणी कुस्त्या मारलेले. त्यांचा धाकटा भाऊ कुवेतमध्ये वेल्डर होता. ऑगस्टात इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हापासून त्याचं पत्र नव्हतं. आपली विमानं माणसं भरभरून परत आली. भडगावचा एक आला, चोपड्याचे दोघे आले. नाना प्रत्येकाच्या घरी जाऊन आपल्या भावाचा फोटो दाखवून आले. कोणी त्याला पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी ओट्यावर आठ-दहा माणसं होती. नाना म्हणाले, "भाजून काढा म्हना साल्यायले. सारा इराक जाळून टाका."

भाऊ म्हणाला, "नाना, खाली बायका-पोरं आहेत. बाँब नाव विचारून पडत नाही."

"माह्या भावाले धरलं तव्हा कोनी नाव इचारलं?"

"तेच म्हणतोय मी. तुमचा भाऊ जिथं असेल तिथंच हे बाँब पडताहेत. टाळ्या कोणाच्या मरणाला वाजवताय?"

हे त्यानं बोलायला नको होतं. खरं होतं, म्हणूनच नको होतं. नाना उठले. बाजूची लोखंडी घडीची खुर्ची त्यांनी एका हातानं उचलली आणि भावाच्या तोंडावर हाणली. आवाज नारळ फुटल्यासारखा झाला. तो ओट्यावरून खाली पडला, नानांनी उडी मारून दुसरा घाव पाठीत घातला. मी मध्ये हात घातला तर खुर्चीच्या फटीत माझं बोट चेमटलं. चौघांनी नानांना मागं ओढलं, तरी ते पाय झाडत होते, आणि त्यांच्या तोंडून शिवी नव्हे, भावाचं नाव निघत होतं. भावाची हनुवटी उघडी पडली होती. पांढरं हाड दिसलं मला. दोन दात आबांनी धुळीतून उचलून मुठीत धरले, का कोण जाणे. मग त्याच मुठीनं त्यांनी नानांच्या छातीवर मारलं आणि स्वतःच रडायला लागले.

हनुवटीला सात टाके पडले. भाऊ धुळ्याला परत गेला. आमच्या आणि नानांच्या घरात बोलणं बंद झालं.

पुढच्या आठवड्यात बातमी फुटली, की आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकी विमानांना आपल्या देशात उतरवून तेल भरू देताहेत. जिकडेतिकडे निषेध सुरू झाले. मला त्याचं काही नव्हतं. मी माझ्या बोर्डावर बसून ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडत होते.

एके दिवशी सकाळी आमच्या सुपरवायझर साहेबांबरोबर सफारी घातलेला एक माणूस आला. साहेबांनी मला शहरातल्या एका छापखान्याचा नंबर दिला. "या नंबरवर बाहेरगावचा कॉल आला की आधी यांना हेडफोन द्यायचा, मग जोडायचा. कोणाला बोलायचं नाही."

असं ऐकायचं तर वरून लेखी हुकूम लागतो, हे ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं. साहेबांच्या हातात कागद नव्हता, सफारीवाल्याच्याही नव्हता. मी पाहिलं आणि गप्प बसले. नवऱ्याच्या जागेवर मिळालेली नोकरी होती. ती गेली तर मला दुसरं दार नव्हतं.

दोन दिवस तो माणूस माझ्या शेजारी स्टुलावर बसून होता. सभ्य होता. पेरू आणायचा, मला अर्धा द्यायचा. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला धुळ्याची लाइन आली. मी म्हटलं, "बोला धुळे, कोणता नंबर?"

"अक्का, तूच का?" भावाचा आवाज. टाक्यांमुळे शब्द जड येत होते. "छापखाना दे ना."

सफारीवाल्याच्या कानाला हेडफोन होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. 'अक्का' तर इकडे कोणीही कोणालाही म्हणतं. मला खोकता आलं असतं. लाइन खराब आहे म्हणता आलं असतं. बोर्डावरचा जोडणीचा दोर उपटता आला असता. मी एक शब्द न बोलता छापखाना जोडून दिला.

भाऊ छापखान्यातल्या मित्राला सांगत होता, की आज पाच वाजता धुळ्यात मोर्चा आहे, शाळा सुटली की मी हनुवटीच्या पट्टीसकट पुढं असणार, परवानगी नाकारली आहे तरी निघणार, पत्रकं दुपारच्या गाडीनं पाठव. दीड मिनिटाचा कॉल. सफारीवाल्यानं हेडफोन काढला, साहेबांच्या टेबलावरून फोन लावला आणि माझ्यासमोर बोलला, "बाजाराच्या तोंडाशीच धरा. पुढचा तो मास्तर. हनुवटीला पट्टी आहे, चुकणार नाही. चांगला मऊ करा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चला, काम झालं बाई."

दोन वाजता पाळी सुटेपर्यंत मला उठता आलं नाही. धुळ्याला फोन करावा तर तोही कोणी ऐकत असेल, असं वाटलं. एसटी वेळेत पोचवणार नव्हती. असोद्यात मोटारसायकल होती ती नानांकडे. मी गावात उतरले, तशीच त्यांच्या दारात गेले. ते जेवत होते.

"नाना, मला धुळ्याला न्या. त्याला मारणार आहेत."

"कोन?"

"पोलीस."

त्यांनी ताटात हात धुतला. "बस मांगं," म्हणाले. एवढंच.

एरंडोल, पारोळा, मग सरळ रस्ता. मधे एकदा पेट्रोलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुले कसं मालूम पडलं?" मी "उशीर होतोय" म्हणून मागं चढून बसले. त्यांनी किक मारली.

आम्ही पोचलो तेव्हा मोर्चा फुटला होता. रस्त्यावर चपला, फाटके फलक, एका सायकलचं चाक अजून फिरत होतं. भाजीवाली एक म्हातारी टोपल्या ओढत पळत होती. मला पाहून ओरडली, "तठे जाऊ नको बहीण! बठ्ठासले झोडी राहिनात!" सगळ्यांनाच झोडताहेत, असं ती अहिराणीत सांगत होती.

लाठीचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बायका नदीवर गोधड्या धोपटतात तसा असतो, फक्त मधे माणूस ओरडतो. एका दुकानाच्या बंद फळीशी पाच-सहा पोलीस गोल करून उभे होते आणि त्यांच्या मध्ये खाली भाऊ होता. तो पडला होता, हात डोक्यावर धरून. ते हातांवर मारत होते. कोपरावर बसलेला एक फटका मी पाहिला. हात जिथं वाकत नाही तिथं वाकला.

नाना धावत गेले. दोघांना त्यांनी मानगुटीला धरून बाजूला फेकलं. तिसऱ्याची लाठी त्यांच्या कपाळावर बसली, रक्त डोळ्यांत उतरलं. मग त्यांनी लढणं सोडलं आणि सरळ भावाच्या अंगावर पालथे पडले. त्यानंतरचे सगळे फटके त्यांच्या पाठीवर पडले. मी "अहो, नका! माझा भाऊ आहे तो!" म्हणून एका पोलिसाचा हात धरला. तो वीस-बावीस वर्षांचा असेल, घाबरलेला. त्यानं मला मांडीवर एक आणि मनगटावर एक मारली. घड्याळाच्या काचा मनगटात घुसल्या. खाली बसले तिथून मला नानांच्या पाठीचा सदरा फाटताना दिसत होता.

शिट्टी वाजली तेव्हा ते थांबले.

दवाखान्यात भावाचा उजवा कोपर डॉक्टरांनी दोनदा उघडला. हनुवटीचे टाके पुन्हा घातले. नाना शेजारच्या खाटेवर पोटावर झोपले होते, पाठीवर झोपणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आबा आले. सगळे एकत्र होते, म्हणून मी तेव्हाच सांगितलं.

"तो कॉल मीच जोडला. शेजारी माणूस ऐकत होता. मला माहीत होतं."

भावानं विचारलं, "लेखी हुकूम होता त्याच्याकडे?"

"नाही."

"मागितलास?"

"नाही."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. आबांनी उठून माझ्या कानाखाली मारली, इतकी जोरात की मी औषधांच्या टेबलावर आदळले, बाटल्या फुटल्या. माझ्या लहानपणापासून त्यांनी कधी हात उचलला नव्हता. दुसरी मारायला हात वर गेला तेव्हा नाना पालथ्यानंच ओरडले, "आबा, तिले मारू नका! ती आली नसती तर पोरगं मेलं असतं." आबा खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "ऐकू दे म्हनलं होतं ना मी?" हे ते कोणाला विचारत होते, कळलं नाही.

मी कामावर परत गेले. महिन्याभरानं सफारीवाला पुन्हा आला, नवा नंबर घेऊन. या वेळी मी म्हटलं, "लेखी हुकूम दाखवा."

साहेब आधी हसले. मग म्हणाले, "बाई, हेडफोन द्या."

"हुकूम दाखवा."

त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन धरून हिसकला. पट्टीत माझ्या कानातलं कुडं अडकलं होतं, ते कानाची पाळी फाडून निघालं. ऑपरेटरांच्या खोलीत आम्ही सात बायका होतो. रक्त माझ्या पोलक्यावर, बोर्डावर, सगळीकडे झालं. तरी मी दोर लावला नाही. शेजारच्या बाईनं आधी स्वतःचा हेडफोन काढून ठेवला. मग दुसरीनं. तासभर त्या एक्सचेंजमधून एकही कॉल गेला नाही. सफारीवाला निघून गेला. साहेबांना काही झालं नाही. मला मेमो मिळाला आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या एका छोट्या एक्सचेंजला बदली.

नानांचा भाऊ कधीच आला नाही. युद्ध संपलं, कुवेत मोकळं झालं, नाना वर्षभर पोस्टाच्या चकरा मारत राहिले. आमच्या ओट्यावर ते पुन्हा बसू लागले, पण युद्धाची बातमी लागली की उठून जायचे.

भाऊ माझ्याशी सहा महिने बोलला नाही. राखीच्या दिवशी तो न सांगता माझ्या बदलीच्या गावी आला. त्या आठवड्यात मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर आले होते आणि लोक त्यांच्यापुढे उभे राहिले होते. मी भाकरी थापत होते. तो चुलीपाशी पाटावर बसून तेच सांगत होता, जणू कालच ओट्यावरून उठला होता.

"गोळ्या घालायचा हुकूम होता, अक्का. सैनिकांनी मानला नाही. म्हणून लोक वाचले."

"सगळ्यांनी कुठं?" मी म्हटलं. "काहींनी मानलाच असेल. तीन पोरं मेली म्हणे."

"हो, मेली."

"मग त्या मारणाऱ्यांचं काय? त्यांनाही घरं असतील. भीती असेल."

"भीती सगळ्यांनाच असते."

"म्हणजे त्यांना माफी नाही?"

त्यानं डाव्या हातानं चुलीतलं लाकूड आत सारलं. माझी भाकरी तव्यावर करपली. तो म्हणाला, "मला नाही ठरवता येत." मग त्यानं हात पुढे केला. उजवा कोपर सरळ होत नव्हता, म्हणून मला पाटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन, गुडघ्यावर बसून राखी बांधावी लागली.