मागे सरकणारे भाऊजी

गोंदियात ज्याला आमच्या भाऊजींच्या पाठीचा धक्का लागलेला नाही, असा माणूस एक तर कालच बदली होऊन आलेला असावा किंवा तो घराबाहेरच पडत नसावा. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते हातात मोबाइल धरून रस्त्यात मागे मागे सरकत असतात, कारण समोरची भिंत त्यांना फोटोत पुरी हवी असते, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. "अर्धी भिंत म्हणजे अर्धा माणूस, बापू," असं ते मला सांगतात आणि सांगता सांगता नालीत उतरतात. बाजारातल्या समोसेवाल्याला ते पाठीने इतक्यांदा भेटले आहेत की, ते दिसले की तो आधी आपली गाडी मागे ओढून घेतो. ताईचं म्हणणं एवढंच, "यायले समोरचा पोपडा दिसते, मागची म्हैस नाही दिसत."

हा नाद नोकरीतून लागला. जन्मभर त्यांनी गल्लोगल्ली हिंडून विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं. मीटर भिंतीवर, म्हणून नजर भिंतीवर. घरात माणसंही राहतात ही गोष्ट त्यांच्या लक्षात जरा उशिराच आली असावी. अजूनही ते माणूस ओळखतात तो भिंतीवरून. एका लग्नात पांढऱ्या टोपीतले एक निवृत्त मुख्याध्यापक आपण होऊन भेटायला आले. नाव सांगितलं, शाळा सांगितली, भाऊजींचा चेहरा कोराच. मग एकाएकी तो उजळला आणि ते म्हणाले, "दरवाज्याच्या बाजूले मोर, अन् मोराच्या पोटात मीटर. तुमीच ना जी?" गुरुजींना चारचौघांत मोर कबूल करावा लागला.

शहर झपाट्याने बदलतंय आणि भाऊजी त्याच्या मागे धापा टाकत आहेत. काल दंतमंजनाची जाहिरात होती तिथे आज मोबाइलची असते, आणि परवा भिंतच नसते. मध्यंतरी शहर सुंदर करण्याची लाट आली आणि सरकारी कुंपणांवर वाघ, हरणं, झाडं उगवली. एका बुटक्या कुंपणावर पोरगेलासा पेंटर सारस काढत होता. सारस आमच्या जिल्ह्याची शान; पण याने त्याची मान खाली वाकवली होती. भाऊजींनी तिथेच उभं राहून त्याला सारसाच्या मानेबद्दल बरंच ऐकवलं. पोराने ब्रश न थांबवता सांगितलं, "दीवार ही नीची है काका, सारस क्या करे?" हे उत्तर भाऊजींना इतकं पटलं की ते त्याला चहा पाजून आले. फोटो घ्यायचा मात्र राहिला, म्हणून पुन्हा जावं लागलं.

पण त्यांचा खरा जीव लग्नाच्या भिंतींवर. आमच्याकडे लग्न ठरलं की घराच्या दर्शनी भिंतीला चुना लागतो आणि त्यावर पेंटर समोरासमोर दोन हत्ती काढतो, कडेला केळीचे खांब, मध्ये ठळक अक्षरांत वरवधूची नावं. लग्न दोन दिवसांत उरकतं, भिंतीवर ते वर्षानुवर्षं लागलेलं राहतं. एकदा चिचगडला भाऊजींना अशी एक भिंत दिसली, रंग अगदी ओला वाटावा असा. त्यांनी फोटो घेतला आणि भल्या माणसासारखं दार वाजवून विचारलं, लग्न कधी आहे? पुढे आलेल्या छपरामुळे त्या भिंतीला पाऊस कधी शिवलाच नव्हता. दार खुद्द नवरीने उघडलं, आणि तिच्या मागे तिचा शाळेच्या गणवेशातला मुलगा उभा होता. "झालं जी," ती शांतपणे म्हणाली, "पायजे तं याले विचारा."

आता एवढ्या भिंती ज्यांनी गोळा केल्या त्यांच्या स्वतःच्या घराची भिंत? ती तेवढी राहिली होती. लेकीच्या लग्नात रंगवलेले हत्ती भाऊजींनी नंतर कुणाला पुसू दिले नाहीत. ताई दर दिवाळीला नव्या रंगाची मागणी करायची आणि दर दिवाळीला हरायची. पण गल्ली अशी अरुंद की भाऊजी चार पावलं मागे सरकले की पाठ समोरच्या भिंतीला टेकायची. फोटोत एक हत्ती आला की दुसरा बाहेर. मी एकदा दोन फोटो कॉम्प्युटरवर जोडून दिले, तर दोन्ही हत्तींची सोंड एकच झाली आणि मधल्यामध्ये आमच्या जावयांचं नाव गडप झालं. हैदराबादहून लेकीने फोन करून चौकशी केली.

मग गल्ली रुंद करायची ठरली आणि दोन्ही बाजूंच्या घरांवर लाल खुणा पडल्या. गल्ली कागदपत्रं घेऊन धावत होती. भाऊजींना घोर एकच, भिंत पडायच्या आत ती एका फोटोत यायला हवी. ते शिडीवर चढले, रस्त्यात उताणे झोपले, शेजाऱ्यांच्या गच्चीवरून लोंबकळले. हत्ती काही एकत्र येईनात. ताई माझ्याकडे रडली, "मी खोली चालली म्हणून रडून राहिली, अन् हे हत्तीसाठी."

घरं पाडायचं मशीन आलं ते आधी समोरच्या बाजूने. समोर किराणावाले भैयाजी राहायचे. त्यांची पुढची खोली दुपारपर्यंत जमिनीवर आली. मी ताईकडेच होतो. मशीन गेल्यावर भाऊजी मोबाइल घेऊन बाहेर आले. आता मागे सरकायला हवी तेवढी जागा होती. पण ते पाठीने गेले नाहीत. गल्ली ओलांडून सरळ गेले, आणि जिथे भैयाजींचा उंबरठा होता तिथे थांबून त्यांनी चपला काढल्या.

विटांच्या ढिगावर बसलेले भैयाजी म्हणाले, "पैर में लगेगा, भाऊ. चप्पल पहनिए."

"घर हाय ना जी," भाऊजी म्हणाले, आणि अनवाणीच आत गेले.

तिथून फोटो आला. दोन्ही हत्ती, केळी, फिकट झालेली दोन्ही नावं, आणि दारात उभी ताई. भाऊजींनी तो आधी भैयाजींना दाखवला. भैयाजींनी बराच वेळ पाहिला, छान म्हणाले. मग हळूच विचारलं, "हमारी दीवार का भी होगा न एक, आपके पास?"

भाऊजींकडे सगळ्या गोंदियाच्या भिंती होत्या, ती नव्हती. तिच्यावर ना मोर, ना हत्ती, साधा चुना. तिला त्यांनी फक्त पाठ लावली होती. भाऊजी मोबाइलवर जुने फोटो मागे मागे सरकवत राहिले.

तेवढ्यात दारातून ताई म्हणाली, "यायच्या शर्टाच्या पाठीवर हाय जी तुमची भिंत. इतके साल मीच तं धुऊन राहिली."

भैयाजी हसले. हसता हसता त्यांनी गमछाने तोंड पुसलं, आणि भाऊजी वळून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, त्यांना दिसावी म्हणून. पाठीवर सकाळचा चुना होता.

आता भाऊजींची ती भिंतही गेली, गल्लीतून मोटारी जातात. तो शर्ट मात्र खुंटीला तसाच आहे. ताईने धुवायला मागितला की ते देत नाहीत.